हार्डींचं झाड आणि उचललेली थडगी

प्रश्न : लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनजवळ एका जुन्या चर्चच्या आवारात झाडाच्या बुंध्याभोवती थडग्यांचे शेकडो दगड खेटून उभे केलेले फोटोत पाहिले. खाली ‘हार्डी ट्री’ लिहिलं होतं. हार्डी म्हणजे कादंबरीकार टॉमस हार्डीच का? ते दगड त्यांनी रचले का?

उत्तर : हार्डी तेच, पण तेव्हा ते पंचविशीतले होते आणि आर्थर ब्लूमफील्ड या वास्तुविशारदांच्या कचेरीत मदतनीस होते. १८६०च्या दशकात मिडलंड रेल्वेचा मार्ग थेट या दफनभूमीतून नेला गेला. याआधी दुसऱ्या एका ठिकाणी उकरलेल्या अस्थींची हेळसांड झाल्याचा बोभाटा झाला होता, म्हणून लंडनच्या बिशपांनी ब्लूमफील्डना लक्ष ठेवायला सांगितलं. त्यांनी ते काम हार्डींवर सोपवलं. आडोसा उभारून, रात्री दिव्यांच्या उजेडात पेट्या वर काढायच्या, आणि हा तरुण संध्याकाळी तिथे हजर. एक पेटी मोडली, तर आत सांगाडा एक आणि कवट्या दोन! पुढे कित्येक वर्षांनी भेट झाली तेव्हा ब्लूमफील्डनी पहिली आठवण हीच काढली.

झाडाची गोष्ट मात्र खरी नाही. १९२६च्या एका छायाचित्रात दगडांचा ढीग आहे, झाड नाही. ते नंतर दगडांच्या फटीत रुजलं. बुरशीने पोखरलेलं ते ॲशचं झाड डिसेंबर २०२२मध्ये कोसळलं.

ते उभं असताना मी तिथे गेले होते. वाकून नावं वाचायचा प्रयत्न केला, पण दगड एकमेकांवर इतके चिकटलेले की बहुतेकांच्या नुसत्या कडाच दिसत होत्या. फोटोत ते सुंदर दिसतं. मला तिथे वाईट वाटलं. दगड एकीकडे, माणूस भलतीकडे.

त्याच आवारात मेरी वुल्स्टनक्राफ्टचा दगड आहे. स्त्रियांच्या हक्कांसाठी लिहिणारी ही बाई १७९७मध्ये, मुलीच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत गेली. तिच्या अस्थी रेल्वे यायच्या आधीच, १८५१मध्ये, घरच्यांनी बोर्नमथला नेल्या. दगड इथेच राहिला.

कधी गेलात तर झाडाच्या जागेवरून पुढे जाऊन १८७९चं सूर्यघड्याळाचं स्मारक जरूर बघा. अँजेला बर्डेट-कूट्स या दानशूर बाईंनी ते उभारलं. ज्यांची थडगी हलली, त्यांच्यातल्या अनेकांची नावं त्यावर कोरली आहेत. ती वाचता येतात.