बॅग कधीच पूर्ण रिकामी करू नका

प्रश्न: ताई, नवीन नोकरीत महिन्यातून तीन-चार वेळा बाहेर जावं लागतं. दर वेळी रात्री बारापर्यंत बॅग भरत बसते, तरी काहीतरी राहतंच, मागच्या वेळी लॅपटॉपचा चार्जरच राहिला. आणि आल्यावर बिलं जुळवण्यात अख्खा रविवार जातो. हे जरा सुटसुटीत कसं करू?

उत्तर: अगं, विसरण्याचं टेन्शन घेऊ नकोस, रात्री बारा वाजता थकलेल्या डोक्याने बॅग भरली की काहीतरी राहणारच. मी यावर एकच उपाय मानते, आणि तो खूप वर्षं करतेय. बॅग भरायचीच नाही, ती भरलेलीच ठेवायची. म्हणजे प्रवासाचा चार्जर वेगळा, टूथब्रश वेगळा, औषधांची पट्टी, कंगवा, केबल, परदेशी जायचं असेल तर अ‍ॅडॅप्टर, हे सगळं दुसरं घ्यायचं आणि ते बॅगेतून कधीच बाहेर काढायचं नाही. दुसरा चार्जर घ्यायला जीवावर येतं, कळतं मला, पण अनोळखी गावात सकाळी साडेआठला चार्जर शोधत फिरण्यापेक्षा ते बरं. घरी आलीस की कपडे धुवायला टाकायचे आणि त्याच वेळी, बॅग कपाटात जायच्या आधी, जे संपलंय ते भरून ठेवायचं. पेस्ट संपत आलीय हे तेव्हा लक्षात असतं, पुढच्या वेळी निघताना नसतं.

विमानात केबिन बॅगेत द्रव पदार्थांची बाटली बहुतेक ठिकाणी 100 मिलीच्या वरची चालत नाही, आणि ते बाटलीवर लिहिलेल्या मापावरून बघतात, म्हणजे 200 ची बाटली अर्धी रिकामी असली तरी काढून घेतात. म्हणून छोट्या बाटल्याच कायमच्या ठेव. पॉवर बँक मात्र चेक-इनच्या बॅगेत अजिबात टाकायची नाही, ती जवळच, कारण लिथियम बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये निदान कोणाला तरी दिसतं. साधारण 100 वॅट-अवरपर्यंतची (बॅटरीत किती ऊर्जा मावते त्याचं हे माप) वेगळ्या परवानगीशिवाय चालते, 20,000 एमएएचची नेहमीची पॉवर बँक 74 च्या आसपास भरते, म्हणजे चिंता नाही, पण पॉवर बँकेवर छापलेला आकडा पुसला गेला असेल तर अडवतात, तेवढं बघून ठेव.

आता बिलं. टॅक्सीचं, जेवणाचं ते गुळगुळीत कागदाचं बिल असतं ना, ज्यावर नख ओढलं की काळी रेघ उमटते, तो थर्मल पेपर. त्यावर शाई नसतेच, उष्णतेने कागदच काळा होतो आणि काही महिन्यांत अक्षरं उडून जातात, उन्हात किंवा गाडीत राहिलं तर लवकरच. माझ्याकडे एकदा हॉटेलच्या जेवणाचं बिल पांढरं फटक झालं होतं, अकाउंट्सवाल्यांना काय दाखवणार, ते पैसे गेले ते गेलेच. तेव्हापासून बिल हातात आलं की टेबलावरून उठायच्या आधी फोटो, आणि रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटं त्या दिवसाचा खर्च भरायचा, कोणासोबत जेवलो तेही लिहून. रविवारी बसलीस तर निम्मा वेळ आठवण्यातच जातो.

प्रश्न: स्वस्त पडतं म्हणून मी दोन वेगळी तिकिटं काढली, पहिलं विमान लेट झालं आणि दुसरं गेलं. नवीन तिकिटाचे पैसे मलाच भरावे लागले. हे बरोबर आहे का?

उत्तर: वाईट वाटलं वाचून, पण हो, दोन वेगळी बुकिंग असली की पुढचं विमान चुकण्याची जबाबदारी सहसा आपलीच धरतात. एकाच पीएनआरवर दोन्ही असती तर पुढच्या विमानात बसवून देणं विमान कंपनीकडे आलं असतं. कामाच्या प्रवासात तरी एकच बुकिंग करा, आणि जमेल तेव्हा सकाळचं पहिलं विमान घ्या, कारण तेच विमान दिवसभर इकडून तिकडे फिरत असतं आणि सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत साठत जातो.

आणि हो, सामान आलंच नाही तर एअरपोर्टच्या बाहेर पडण्याआधी काउंटरवर लेखी तक्रार करून तिचा नंबर घ्याच. आंतरराष्ट्रीय प्रवासात विमान कंपनीने भरपाई कधी द्यायची ते ठरवणारा 1999 चा मॉन्ट्रियल करार लागू असेल तर बॅग फुटली असेल तेव्हा 7 दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी कळवावं लागतं, ती मुदत गेली की भरपाई मागणं अवघड होतं.

प्रश्न: दोन दिवसांसाठी पूर्वेला जायचंय, पाच तासांचा फरक आहे. जेट लॅगचं काय करू?

उत्तर: दोन दिवसांत शरीर जुळत नाही दादा, ढोबळमानाने एका तासाच्या फरकाला एक दिवस धरा, आणि पूर्वेकडे जाताना जास्तच जड जातं कारण लवकर झोपणं शरीराला उशिरा झोपण्यापेक्षा कठीण असतं. म्हणून जुळवायच्या मागे लागू नका, मीटिंगची वेळ बदलून मागा. तिथले सकाळचे नऊ म्हणजे तुमच्या शरीराचे पहाटेचे चार. दुपारी दोन-तीनची वेळ मागितलीत तर तुमच्या घरच्या घड्याळात सकाळचे नऊ-दहा असतील आणि डोकं चालेल. समोरच्याला खरं कारण सांगा, लोक ऐकतात.