प्रश्नोत्तरे : गोल्फ कोर्सवरचं माळरान

प्रश्न : दख्खनच्या पठारावरच्या आमच्या गोल्फ कोर्सवर खेळाबाहेरच्या दोन एकरांत कापणी थांबवली. गवताऐवजी गाजरगवतच माजलं. काय चुकलं?

उत्तर : नुसती कापणी थांबवून माळरान होत नाही. फेअरवेचं (खेळायच्या कापलेल्या हिरवळीच्या पट्ट्याचं) खत आणि स्प्रिंकलरचं पाणी तिथे पोचतंय, त्यावर तण पोसतं. कडेचे स्प्रिंकलर अर्धवर्तुळातच फिरतील असे लावा. गाजरगवत फुलायच्या आत, जमिनीत ओल असताना मुळासकट उपटा. हातमोजे हवेतच, अंगाला खाज सुटते. पहिल्या पावसानंतर मारवेल आणि पवन्या या माळावरच्या गवतांचं बी एकरी अडीच किलो, ओलसर मातीत कालवून फोका. कुसळाचं हलकं बी नुसतं फेकलं तर वाऱ्यावर जातं. वर मातीचा थर सेंटीमीटरभरच. कापणी वर्षातून एकदा, बी झडल्यावर, डिसेंबरात. कापलेलं गवत मात्र उचलाच. तिथेच कुजलं तर तणाला पुन्हा खत मिळतं.