मोम्बासाला निघालेल्या ताईंना

सलाम ताई,

तुम्ही दोघं निवृत्त, मुलं मार्गी लागलेली, चर्चच्या मंडळीतर्फे दोन वर्षं केनियात सेवेला जायचं घाटतंय. तिथे दिवस कसा जातो आणि बाईमाणसाला करमतं का, असं तुम्ही विचारलंत. पिवळ्या तापाची लस, ऑनलाइन प्रवेशपरवाना, विमा हे सगळं सरकारी पानांवर आहे, ते मी सांगत नाही. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाने माझी झोप उडवली, म्हणून लिहायला बसले.

आम्ही नाशिकचे, शरणपूरकडचे. हे बँकेतून निवृत्त झाले, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. मोम्बासा बेटावरून न्याली पूल ओलांडला की फ्रिअर टाउन लागतं, त्याच्या जवळच राहतो. हा योगायोग नाही, यांनी हट्टाने हीच जागा मागून घेतली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवत, आणि त्यांतली कितीतरी आपल्या शरणपूरच्या मिशनशाळेत सुतारकाम-लोहारकाम शिकत वाढली. आफ्रिकेत वारलेला मिशनरी संशोधक लिविंग्स्टन, त्याचं शव 1874 मध्ये इंग्लंडला घेऊन जाणारा जेकब वेनराइट हा नाशिकचाच विद्यार्थी. शरणपूर चालवणारे पाद्री प्राइसच पुढे इकडे आले, 1875 मध्ये सोडवलेल्या गुलामांसाठी हे गाव वसलं आणि मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव त्याला मिळालं. हे सांगताना यांचा गळा भरून येतो. माझाही येतो, पण मला रोज दळणपाणी बघायचं असतं.

आता परवान्याचं. धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी इथे ‘आय’ वर्गाचा परवाना असतो. मंडळीच्या पत्रात आम्हा दोघांचं नाव होतं, प्रार्थना करून निरोप दिला तोही दोघांना. पण कागद करणाऱ्या माणसाने परवाना एकट्या यांच्या नावाने काढला आणि मला पत्नी म्हणून डिपेंडंट पास लावला. स्वस्त पडतं, लवकर होतं, म्हणाला. त्या पासवर काम करता येत नाही, हे इथल्या शाळेच्या हेडमास्तरीणबाईंनी मला अगदी नम्रपणे, चहा देऊन सांगितलं. आयुष्यभर खडू धरलेली मी, आणि मला वर्गात उभं राहता येईना!

वर माझ्या नावाचा घोळ. डीएडचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाचं, त्यात मधे वडिलांचं नाव. पासपोर्टात मधे यांचं नाव आणि आडनाव सासरचं. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं पहिलं नाव सोडून सगळं बदलतं, हे परदेशातल्या खिडकीपलीकडच्या माणसाला कसं पटवायचं? चर्चच्या विवाहनोंदणीचा उतारा काढा, नाव बदलल्याचं प्रतिज्ञापत्र करा, दोन्हींवर शिक्के घ्या, आणि हे निघायच्या आधी करा. इथून नाशिकला भाच्याला पळवणं फार जिवावर येतं. पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागेल तेव्हा भारतातला मोबाइल नंबर चालू ठेवा, नाहीतर ओटीपीअभावी तुम्ही जिवंत असून नसल्यासारखे.

दिवस असा. पहाटे अजान होते, मोम्बासात मुसलमान वस्ती मोठी. साडेपाचला उठून मी पाणी बघते. बोअरचं पाणी खारट, त्यात डाळ नीट शिजत नाही, म्हणून हातगाडीवाल्याकडून वीस लिटरचे कॅन घ्यायचे. वीज प्रीपेड, मोबाइलवरून आकडे घेऊन मीटरमध्ये टाकायचे, आणि पैशांचा सगळा कारभार एम-पेसा या मोबाइलवरच्या सेवेवर, अगदी मिरच्या घेतल्या तरी. हे अतिथीगृहाचे हिशेब बघतात, दुपारी आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जातात. स्वाहिली घड्याळ सकाळी सातला एक वाजला म्हणतं, त्यामुळे सुरुवातीला यांना लोक बोलावत एका वेळी आणि हे पोचत भलत्याच वेळी. उपासना तीन तास चालते. शेवटी कुणी वाहिलेली कोंबडी, अंडी, ऊस यांचा लिलाव होतो, अगदी आपल्या कापणीच्या सणासारखा. तिथे मी खरंच रमते. खाण्याची काळजी करू नका: ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी होते, आणि न्याहारीला इथे तूर नारळाच्या दुधात शिजवून खातात, ती आपल्या आमटीहून बरी, असं मी आता उघड म्हणते.

एकटेपणा येतो. संध्याकाळी नाशिकला फोन लावला की जातो. भारत अडीच तास पुढे आहे, तेव्हा आठच्या आत लावा, नाहीतर तिकडे सगळे झोपलेले. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

लिहिण्यासारखी आहे ती शेजारची तिसरीतली मुलगी. केनियात 2017 पासून नवा अभ्यासक्रम आला, क्षमतांवर आधारलेला. कागदावर चांगला आहे. पण तिच्या आईला रोज पुठ्ठे, चित्रं, छापील कागद आणायला लावतात आणि पोरीला हातच्याची वजाबाकी येत नाही. माझ्या ओट्यावर काड्या मांडून मी तिला शिकवली. मग आणखी दोघं यायला लागली. परवान्याच्या भीतीने मी त्यांना वहीसुद्धा आणू देत नाही. पाळकसाहेब कौतुकाने म्हणाले, आजी मुलांशी छान खेळतात. त्या दिवशी मी घरी येऊन भांडी आपटली, आणि यांनी कारण विचारलं तर मी म्हणाले, ऊन लागलं.

ताई, तुमच्या मंडळीने दोघांना बोलावलं असेल तर दोघांचे अर्ज वेगळे भरा. जास्तीचे पैसे पडले तर पडू द्या. यजमान म्हणतील, आपण एकच ना? तेव्हा गप्प बसू नका. मला इथे यायचं होतं की यांना यायचं होतं म्हणून मी आले, हे मला अजून धड सांगता येत नाही. प्रार्थनेत विचारते, तिथेही उत्तर मिळत नाही. घरी असते तर नातवाला आणायला-सोडायला असते, तेही मला नको होतं, हे आज पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतेय.

आता मुदत वाढवायची गोष्ट निघाली आहे. हे तयार आहेत. मी म्हटलं, या वेळी ‘आय’ वर्गाचा अर्ज माझ्या नावाने, डिपेंडंट पास तुम्ही घ्या. हे हसले. मी भाच्याला विवाहनोंदणीच्या उताऱ्याच्या आणखी दोन प्रती काढायला सांगितल्या आहेत. तुमचा अर्ज कुठल्या नावाने जातोय ते मला कळवा.