घरच्या पडद्यावरची मैफल

प्रश्न : रविवारी नातवंडांना (वय ८ आणि १४) बसवून टीव्हीवर एका नामवंत गायकाची मैफल लावली. दहा मिनिटांत धाकटा पळाला, थोरलीने मोबाइल काढला. सुरुवात कशाने करावी? – एक आजी

उत्तर : आजी, मैफल चांगलीच असणार, पण तिची पहिली दहा मिनिटंच नवख्याला सर्वांत जड जातात. सुरुवातीला बडा ख्याल (संथ लयीत विस्ताराने गायची रचना) असतो, बहुधा एकतालात. एकताल १२ मात्रांचा, म्हणजे बारा ठोक्यांचा खरा, पण अतिविलंबित (फार संथ) लयीत त्याचं एक आवर्तन, म्हणजे एक फेरी, पाऊण-एक मिनिट चालतं. सम, म्हणजे फेरीची पहिली मात्रा, कधी येणार याचा अंदाज मुलांना लागत नाही, मग दाद तरी कुठे देणार? म्हणून मैफल शेवटाकडून बघा. आधी शेवटची द्रुत (जलद) बंदिश किंवा तराणा (‘तोम तनन’सारख्या बोलांचं गाणं), फार तर आठ मिनिटं. त्याच रागाचा बडा ख्याल पुढच्या रविवारी.

पहिली चीज १६ मात्रांच्या त्रितालातली निवडा आणि ताल मुलांच्या हातावर द्या : पहिल्या, पाचव्या, तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली, म्हणजे टाळी न देता हात बाजूला. लय वाढली की हात मागे पडतात, मुलं हिरमुसतात. अशा वेळी सगळ्या मात्रा मोजण्याचा आग्रह सोडा, नुसती सम पकडू द्या. समेची चाहूल तबल्यातूनच लागते. ठेक्यात दहाव्या मात्रेला ‘तिं’ येतं आणि डग्ग्याचा (जोडीतल्या मोठ्या, खर्जाच्या वाद्याचा) घुमारा थांबतो. चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’बरोबर तो परत येतो. घुमारा परतला की ‘धिं धिं धा’ आणि लगेच सम. आठ वर्षांच्या मुलाला ही जागा दोन-चार आवर्तनांत सापडते, कधीकधी मोठ्यांच्या आधी.

सिनेमा लावायचा तर ‘बैजू बावरा’तली (१९५२) दरबारातली जुगलबंदी आधी सुटी दाखवा. राग देसी, तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ गायले आहेत आणि बैजूसाठी पं. दत्तात्रय विष्णू पलुसकर. कोणाचा आवाज कुठला, हे थोरलीला डोळे मिटून ओळखायला सांगा. तिला गोडी लागली की ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५). तिथे खाँसाहेब या पात्राला राहुल देशपांडे यांचा आवाज आहे, सदाशिव या पात्राला महेश काळे यांचा, आणि दोन गायकींची चुरस हाच कथेचा कणा आहे. मत्सर आणि सूड भरपूर असल्याने धाकट्याजवळ मोठं माणूस बसलेलं बरं. आमच्या मते त्याला अख्खा सिनेमा एका बैठकीत दाखवूच नये, मध्यंतराला थांबावं.

प्रश्न : संगीतावरची मालिका म्हणून निर्धास्त लावली आणि सासूबाईंसमोर शिव्या सुरू झाल्या. आधी कसं ओळखायचं?

उत्तर : विषय संगीत असला म्हणजे कलाकृती सोवळी असते असं नाही. ‘बंदिश बँडिट्स’ या वेब मालिकेत रागदारी आहे आणि शिव्याही आहेत. ‘द डिसायपल’ (२०२०) हा मराठी चित्रपट ख्यालगायकाच्या धडपडीवरचा फार मोलाचा सिनेमा आहे, पण त्यात प्रौढांसाठीची दृश्यं आहेत. तो मोठ्यांनी वेगळा वेळ काढून बघावा.

२०२१ च्या नियमांनुसार ओटीटीवर यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए असे वर्ग दाखवावे लागतात. वयाच्या आकड्यावर थांबू नका. शेजारी ‘भाषा’, ‘हिंसा’, ‘लैंगिक दृश्ये’ असं कारणही दिलेलं असतं, आणि सासूबाईंच्या बाबतीत तेच जास्त कामाचं. यू/ए १३+ पासून पुढे पालकांसाठी कुलपाची सोय देणं बंधनकारक आहे. मुलांसाठी वेगळं प्रोफाइल करा आणि पिन मोठ्यांच्या प्रोफाइललाही लावा. नाहीतर मूल सरळ तुमच्या प्रोफाइलमध्ये शिरतं.

प्रश्न : नवा साउंडबार ब्लूटूथने जोडला. तबलजीचा हात आधी पडतो, बोल मागून येतो. बिघाड आहे का?

उत्तर : बिघाड नाही, ब्लूटूथचा उशीर आहे. तो सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत सहज जातो. बातम्यांत खपून जातं. पण मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्राच पाव सेकंदाची, म्हणजे बोल जवळजवळ मात्राभर मागे. ब्लूटूथऐवजी केबलने जोडा : टीव्हीच्या ‘एआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय जागेतून किंवा ऑप्टिकल केबलने. सेटिंगमधला ‘ऑडिओ डिले’ शून्यावर आणा; तो वाढवला तर आवाज बहुधा आणखी मागे जातो. संवाद ठळक करणारा मोड आणि नाइट मोडही मैफलीपुरते बंद ठेवा. पहिल्याने तानपुरा दबतो, दुसऱ्याने हळू आणि जोरकस स्वर एकाच पातळीवर येतात.

प्रश्न : वडिलांना श्रवणयंत्रातून बोलणं नीट ऐकू येतं, पण बासरीचा लांब सूर कापरा वाटतो. आवाज वाढवूनही फरक नाही.

उत्तर : आवाज वाढवू नका, बाकीच्यांचे कान किटतील. डिजिटल श्रवणयंत्र स्वतःची शिट्टी दाबण्यासाठी एकसुरी, टिकून राहणारा ध्वनी शोधत असतं. बासरीचा स्थिर सूर त्याला शिट्टीच वाटतो; ते तो कापायला जातं आणि सूर थरथरतो. तानपुऱ्याला ते गोंगाट समजून दाबतं. ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवून घ्या : गोंगाट कमी करणारी सोय बंद, शिट्टी रोखणारी सौम्य. तपासणीला जाताना फोनवर बासरीचं ध्वनिमुद्रण घेऊन जा आणि वडिलांना तिथेच ऐकवून बघा.