कुत्र्याचं पहिलंच व्यावसायिक फोटोशूट आहे, त्याची तयारी कशी करावी?

तुम्ही लिहिलंय की तुमचा काळा लॅब, म्हणजे लॅब्राडोर, दोन वर्षांचा आहे, तीन आठवड्यांनी, म्हणजे ऐन एप्रिलात, सोलापुरातच स्टुडिओत शूट ठरलंय, आणि घरी कुणी अनोळखी आलं की तो पलंगाखाली जातो. आंघोळ कधी घालायची, केस कापायचे का, असं विचारलंय. ते सांगतोच. पण तीन आठवडे हातात आहेत ही फार चांगली गोष्ट आहे. ते त्याच्या दिसण्यापेक्षा त्याच्या कानांसाठी वापरा.

आमचा सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आमची भुरी पिल्लू असल्यापासून कापड विणायच्या मागांच्या खडखडाटात वाढली. शेजारच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागतं तिथं ती पोट वर करून झोपते. त्यामुळे तिला पहिल्यांदा स्टुडिओत नेलं तेव्हा आवाजाची काळजी आमच्या डोक्यातही नव्हती. फ्लॅश उडाला, आणि तो पुन्हा तयार झाल्यावर जी बारीक 'टीं' वाजते ती वाजली. भुरी दचकून मागं सरकली. खाली पडद्याचा गुळगुळीत कागद, त्यावर मागचे दोन्ही पाय फाकले. मग ती जी टेबलाखाली गेली ती बाहेरच येईना. मी पट्टा धरून ओढत होतो, ते आठवलं की अजून वाईट वाटतं. फोटो एकही मिळाला नाही.

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. म्हणजे उंच सुराचे बारीक आवाज त्यांना आपल्याहून कितीतरी जास्त ऐकू येतात. मागाचा आवाज मोठा होता, पण रोजचा होता. हा नवा होता, आणि सोबत उजेडाचा झटका.

पाच महिन्यांनी पुन्हा गेलो तेव्हा आधी घरी सराव केला. मोबाइलच्या कॅमेऱ्याचा 'खटॅक' अगदी कमी आवाजात वाजवायचा आणि लगेच चिकनचा तुकडा द्यायचा. क्रम चुकवू नका: आधी आवाज, मग खाऊ. आधी खाऊ दाखवलात तर त्याचं लक्ष हाताकडे राहतं आणि आवाजाशी नातं जुळत नाही. पाच मिनिटं सकाळी, पाच संध्याकाळी. तो आवाज ऐकून खाऊसाठी तुमच्याकडे बघायला लागला, की थोडा मोठा करा. भुरीला आठ दिवस लागले. पुढं घरातली छत्री लांबून उघडून दाखवली, कारण स्टुडिओतल्या दिव्यांवर तशीच छत्री असते. शेवटी मोबाइलचा फ्लॅश, तोही भिंतीकडे तोंड करून.

चिकन नुसत्या पाण्यात उकडलेलं, मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही. ते कुत्र्यांना विषारी असतात. आपल्याकडे कौतुकानं शेंगाचटणी लावलेला भाकरीचा तुकडा देतात. तीत लसूण असतो, देऊ नका. तुकडे शेंगदाण्याएवढे करा, नाहीतर दहा मिनिटांत पोट भरेल आणि तुमच्या हातात काही उरणार नाही. शूटच्या दिवशी नेहमीच्या निम्मं खायला घाला, उपाशी मात्र ठेवू नका.

त्याची रोजची अंथरायची चादर न धुता सोबत न्या. आम्ही भुरीची जुनी सोलापुरी चादर त्या कागदावर अंथरली. पाय घसरायचे थांबले आणि घरचा वास मिळाला. तिनं दोनदा गोल फिरून स्वतःच बैठक मारली.

फोटोग्राफरशी आजच बोला. पहिली पंधरा मिनिटं कॅमेरा बाजूला ठेवून जमिनीवर बसाल का, विचारा. त्याच्यावर ओणवून हात पुढं करायचा नाही, कुत्र्याला स्वतःहून हुंगायला येऊ द्यायचं. फ्लॅशऐवजी खिडकीच्या उजेडात काढता येतील का, तेही विचारा. तुमचा लॅब काळा आहे, तेव्हा मागं काळा पडदा नको, अंग त्यात बुडून जातं. फिकट पडदा आणि बाजूनं येणारा उजेड असला की केसांची चमक दिसते.

आता आंघोळ. दोन दिवस आधी घाला. त्याच दिवशी घातली तर केस फुगलेले दिसतात. लॅबचे केस कापू नका, नुसता ब्रश फिरवा. नखं आठवडाभर आधी, गोचिड्या कानामागं आणि बोटांच्या बेचक्यात बघा. गळपट्टा आदल्या रात्री काढून ठेवा, म्हणजे मानेवरचा वळ जातो. डोळ्यांचे कोपरे कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं पुसा.

एप्रिलात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून सकाळचीच वेळ घ्या. कुत्र्याला अंग गार करायला मुख्य आधार जिभेचाच. दुपारी नेलंत तर सगळे फोटो धापा टाकतानाचे येतील, आणि त्याला त्रास होईल तो वेगळाच. गाडीतून उतरताना हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद रस्त्यावर ठेवून बघा. तुम्हाला चटका बसला तर त्याला चालवू नका.

तिथं एकानंच हाक मारायची. आमच्या घरचे चौघं एकदम 'भुरी, भुरी' करत होते आणि ती कुणाकडेच बघेना. फेटा बांधायची हौस असेल तर अगदी शेवटी, दोन मिनिटं. मला स्वतःला तो आवडत नाही, कारण कान झाकले की चेहऱ्यातलं निम्मं बोलणंच जातं. झोप आलेली नसताना जांभया, सारखे ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, शेपूट पोटाखाली, यातलं काही दिसलं की थांबा, बाहेर एक चक्कर मारून आणा. शांत राहावा म्हणून मनानं कुठलंही औषध देऊ नका.

आमच्या दुसऱ्या वेळच्या चाळीसेक फोटोंतून आम्ही एकच मोठा करून घेतला. चादरीवर बसलेली, एक कान उभा, एक दुमडलेला, नाक ओलं, आणि नजर कॅमेऱ्याच्या किंचित वर, जिथं माझ्या मुलीच्या हातात चिकन होतं.