‘याच्या वयात मी...’

“मॅडम, याच्या वयात मी पहाटे म्हशी घेऊन गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जायचो. आणि ह्याच्या दुधात अजून साखर कोण घालून देतंय, ते विचारा की!”

आजोबांनी खुर्चीत टेकता टेकताच तोंड सोडलं. शेजारी सूनबाई पर्सचा पट्टा चाळवत बसलेल्या. १० वर्षांचा नातू खिडकीशी उभा राहून खालून जाणारी केएमटी, म्हणजे कोल्हापूरची सिटी बस, बघत होता. (ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत.)

खरं तर समुपदेशनासाठी माझ्या भेटीची वेळ आईनं घेतली होती. फोनवर ती म्हणाली, “मी पोराला लाडावून ठेवलंय की त्याचं बालपण हिरावून घेतलंय, तेच कळेना झालंय.” सासरे म्हणतात, पोरगं ऐतखाऊ झालंय. बहीण म्हणते, शाळा, ट्यूशन, त्यात रविवारी स्कॉलरशिपचा क्लास, मग त्यानं खेळायचं कधी? दोन्हीकडून बोलणी हिलाच. हा प्रश्न माझ्याकडं इतक्यांदा येतो की आईनं पहिलं वाक्य बोललं की पुढचं मला पाठ असतं.

मी आजोबांनाच म्हटलं, तुमच्या १०व्या वर्षातला एक दिवस सांगा. ते खुलले.

“चारला उठायचं. बाबा म्हशी घेऊन पुढं, मी किटली घेऊन मागं. कट्ट्यावर गिऱ्हाईक उभंच असायचं. त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायची, फेसासकट ग्लास हातात द्यायचा. थंडीत बोटं अशी आखडायची बघा.” त्यांनी बोटं वाकवून दाखवली. “घरी येऊन शेण काढायचं, वैरण टाकायची.”

“आणि शाळा?”

“चौथीपर्यंत.” मग जरा थांबून, “गुरुजी दोनदा घरी आलते बोलवायला. बाबा म्हणाले, म्हशी तुम्ही बघताय काय?”

सूनबाईंनी झटकन मान वर केली. १२ वर्षं त्या घरात नांदतायत, पण हे त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं.

मी म्हटलं, “आजोबा, शाहू महाराजांनी आपल्या कोल्हापुरात १९१७ सालीच प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं. पोरगं शाळेत धाडलं नाही तर आईबापाला दंड.”

“म्हणजे महाराज असते तर आमच्या बाबाला दंड बसला असता म्हणा की!” ते मोठ्यानं हसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

समुपदेशनात इतिहास कशाला, असं म्हणून सहकारी मला चिडवतात. पण ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द घरोघरी निसर्गनियमासारखे वापरले जातात, आणि ती ‘वेळ’ किती ताजी असते हे दाखवल्याशिवाय गाठ सैल होत नाही. १८४०मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंचं लग्न झालं तेव्हा ते १३ वर्षांचे, त्या ९ वर्षांच्या, आणि त्यात कुणाला नवल वाटायचं कारण नव्हतं. १८८१चा हिंदुस्थानातला कारखाना कायदा घ्या. ७ वर्षांखालचं मूल कामावर घ्यायचं नाही, ७ ते १२ वर्षांच्यांना दिवसाला ९ तासांहून जास्त राबवायचं नाही. म्हणजे ७ वर्षांचं पोरगं ९ तास गिरणीत उभं राहणं कायद्याला मान्य, आणि ही त्या काळातली सुधारणा! मुलीच्या लग्नासाठी किमान १४ वर्षांची अट घालणारा कायदा आला १९२९ मध्ये. ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला तो तर थेट २०१० मध्ये.

फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकारानं १९६०मध्ये मांडलं, की मध्ययुगीन युरोपात बालपण ही वेगळी कल्पनाच नव्हती, जुन्या चित्रांतली मुलं म्हणजे लहान मापाची मोठी माणसं. पुढच्या अनेक इतिहासकारांनी त्याला हरकत घेतली. पोर आजारी पडलं की आईबापांचा जीव तेव्हाही खालीवर होतच होता. मला त्यांचंच पटतं. पाच वर्षं लाड करावेत, पुढची दहा वर्षं ताडन, सोळावं लागलं की मित्रासारखं वागावं, असं आपलं जुनं संस्कृत सुभाषित सांगतंच की. वयाचे टप्पे आणि माया दोन्ही जुनंच आहे, फक्त माया करायची म्हणजे नेमकं काय करायचं, याचं उत्तर पिढीगणिक वेगळं येतं. (त्या मधल्या दहा वर्षांची छडी आता शाळेत कायद्यानंच बंद झालीय, बरं झालं.)

उठायची वेळ झाली. नातवानं बुटात पाय घातला आणि कुणाकडं न बघताच तो पाय पुढं केला. आई पर्स आवरत होती. आजोबा गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत खाली वाकले आणि त्यांनी लेस बांधली. मी काही बोलले नाही. सूनबाईंनी मात्र माझ्याकडं बघून ओठ दाबले.

पुढच्या भेटीत आईला सांगितलं, की तुम्हाला वाटतं ते दोन्ही खरं आहे. तुमच्या मुलाला कामाचा तोटा नाही. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत ते चालूच असतं, पण त्यातलं एकही घराला लागत नाही. आजोबांची शाळा बुडाली हे वाईटच झालं, पण आपण गेलो नाही तर गिऱ्हाईक खोळंबेल हे त्या पोराला माहीत होतं. तुमचं पोर दोन दिवस झोपून राहिलं तरी घरात कुणाचं काही अडत नाही.

मग ठरलं, संध्याकाळी डेअरीतून दूध आणायचं काम त्याचं. आईनं लगेच विचारलं, “ही बालमजुरी नव्हे ना?” प्रश्न चुकीचा नव्हता. १४ वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, पण शाळा सुटल्यावर घरच्या कामाला हात लावायला २०१६च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्यातही मुभा आहे. मी स्वतः कायद्याहून सोपं बघते. झोप, शाळा, खेळ यांतलं काही त्या कामापायी कमी होत असेल तर काम थांबवायचं. आणि एक अट मोठ्यांसाठी: तो विसरला तर दुसऱ्या कुणी जायचं नाही.

पहिल्या आठवड्यात तो दोनदा विसरला. घरानं कोरा चहा प्याला. दुसऱ्या वेळी आजोबा गुपचूप पिशवी घेऊन निघालेच होते, सूनबाईंनी दारात अडवलं.

तीन आठवड्यांनी फोन आला, आजोबांचा. डेअरीवाल्यानं सुट्ट्यात १० रुपये कमी दिले आणि पोरगं भांडून घेऊन आलं. “आवाज चढवला म्हणं मॅडम! मला शेजाऱ्यानं सांगितलं.” हीच गोष्ट त्यांनी मला त्याच फोनवर दोनदा सांगितली.

लेस अजून आजोबाच बांधतात. रविवारचा क्लासही चालू आहे. तो विषय काढला की आई म्हणते, “परीक्षा होऊ दे, मग बघू.”