समुद्रात लांब पल्ल्याचे पोहणे : स्त्रिया खरोखर पुढे आहेत का?

प्रश्न : धावण्याच्या शर्यतींत स्त्री-पुरुषांच्या वेळांत ठळक तफावत दिसते, समुद्रातील लांब पल्ल्याच्या पोहण्यात मात्र स्त्रियांनी पुरुषांनाही मागे टाकले, असे वाचनात आले. यात तथ्य किती, आणि असल्यास कारण काय?

उत्तर : तथ्य निश्चितच आहे, मात्र ‘स्त्रिया सरसकट पुढे’ असे म्हणणे धाडसाचे ठरेल. अमेरिकेच्या गर्ट्रूड एडर्ली हिने ६ ऑगस्ट १९२६ रोजी इंग्लिश खाडी पोहून पार केली, तेव्हा तिच्याआधी हे केवळ पाच पुरुषांना साधले होते, आणि त्यांतील सर्वांत जलद वेळेपेक्षा तिला जवळजवळ दोन तास कमी लागले. आदल्या वर्षीच्या प्रयत्नात ती दमली असे ठरवून प्रशिक्षकानेच तिला पाण्याबाहेर काढायला लावले होते. तो निर्णय तिला अजिबात पटला नव्हता, आणि तिची नाराजी रास्तच म्हणायला हवी. पुढे १९७८ साली पेनी डीन हिने ७ तास ४० मिनिटांत खाडी ओलांडून स्त्री-पुरुष दोघांतला विक्रम केला, जो १९९४ पर्यंत अबाधित राहिला. आज तो मान पुरुषाकडे आहे.

कारण मुख्यतः शरीररचनेत आहे. स्त्रियांच्या शरीरात, विशेषतः कंबरेखाली, पाण्याहून हलक्या चरबीचे प्रमाण अधिक असल्याने पाय खाली ओढले जात नाहीत, पाण्याचा विरोध घटतो आणि तेवढेच अंतर कापायला कमी ऊर्जा पुरते. शिवाय थंडीपासूनही काहीसा बचाव होतो. स्नायूंच्या ताकदीत पुरुष सरस असतात खरे, पण अंतर जसजसे वाढते, तसतसा त्या ताकदीचा वरचष्मा कमी होत जातो.

केवळ वेगच पाहायचा नसेल, तर सेरा थॉमस हिचे उदाहरण अधिक बोलके आहे. स्तनाच्या कर्करोगावरील उपचार संपून जेमतेम वर्ष झाले असताना, सप्टेंबर २०१९ मध्ये तिने हीच खाडी सलग चार वेळा, ५४ तासांहून अधिक काळ पोहून ओलांडली. नियमाप्रमाणे सोबतच्या नावेला हात लावायचा नाही. दोरीला बांधून टाकलेल्या बाटलीतले पेय तरंगत राहूनच प्यायचे. खारे पाणी सतत तोंडात गेल्याने जीभ आणि घसा सोलवटून निघतो, तो त्रास वेगळाच. तिच्याआधी असे सलग चार वेळा खाडी ओलांडणे कोणत्याही पुरुषाला जमले नव्हते.